सगळ्याला हो म्हणणारा आजोबा

चादर मागावरून उतरली तेव्हा तिच्यावर एकच मोर होता.

हवे होते दोन. डावीकडे एक, उजवीकडे एक, समोरासमोर तोंड करून. डावा मोर पिसारा सांभाळत ऐटीत उभा होता, आणि उजव्याच्या जागी नुसतं कोरं विटकरी कापड. गाजूलशेठनी चादरीची दोन टोकं धरून ती आमच्यासमोर पसरली. आधी चादरीकडे बघितलं, मग आमच्या तिघांकडे.

"ह्याचा जोडीदार रुसून गेला का रे, शेखर?"

अण्णा हसले. अशा वेळी ते नेहमीच हसायचे. "होतंय की, शेठ. बारीकशी चूक आहे. उद्या आणतो की परत त्याला."

"उद्या नको. शुक्रवारी या. शनिवारी सुरतचे लोक येणारेत त्यांचं सॉफ्टवेअर घेऊन. शुक्रवारी दोन मोर दिसले तर माझ्या सगळ्या नव्या मागांचं काम तुमचं. नाही दिसले तर त्यांचं." शेठनी चादरीची घडी घातली आणि ती कोपऱ्यातल्या बाकावर टाकली. "आणि माझं सूत गेलं ते गेलंच."

सोलापुरात सूत वाया गेलं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला लागत नाही. आम्ही मान खाली घालून बाहेर पडलो.

आम्ही तिघं म्हणजे अख्खी कंपनी. शेखर वडनाल, ज्यांना सगळं अशोक चौक अण्णा म्हणायचा, ते मालक. घरचे जुने माग विकून त्यांनी तीन कॉम्प्युटर घेतले होते आणि त्याबद्दल त्यांचे थोरले भाऊ अजून त्यांच्याशी धड बोलत नव्हते. दुसरा मल्लिनाथ हत्तुरे, मल्ली. हुशार, चपळ, आणि स्वतःच्या कोडला कुणी हात लावला की दोन दिवस जेवताना न बोलणारा. तिसरी मी, वैजयंती बिराजदार, अक्कलकोटहून आलेली, कॉलेज संपवून वर्षापूर्वी नोकरीला लागलेली.

गाजूलशेठचं काम गेलं तर कंपनी बंद होणार हे अण्णांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला लागतंय? दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. अण्णा गेले असते भावाच्या दुकानात, मल्लीला पुण्यात मावशी होती. माझं काय होणार तेही ठरलेलं होतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, अक्कलकोटच्या शाळेत गुरवसरांशी बोलून ठेवलं होतं: पोरगी दिवाळीला परत येईल, मुलांना कॉम्प्युटर शिकवेल, घरात राहील. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "मग गुरवसरांना सांगू ना, येतेस म्हणून?" आणि मी म्हणायची, "हं."

मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. पण अप्पांना तोंडावर नाही म्हणायची आमच्या घरात कुणाला सवयच नव्हती. फोन ठेवला की मी पुढच्या रविवारपर्यंत तो विषय विसरून टाकायची.

आमचं काम सांगायला सोपं होतं. पूर्वी चादरीची नक्षी करायची तर आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत बसावं लागायचं. आम्ही त्याऐवजी एक छोटीशी भाषा बनवली होती. किनार लाल, मधे मोर, मोराला आरसा, म्हणजे समोर तोच मोर उलटा, असं साधं लिहायचं. आमचा प्रोग्राम ते वाचायचा, समजून घ्यायचा आणि मागाला सांगायचा की कुठला दोरा वर उचल आणि कुठला खाली ठेव. अशा प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. सोलापुरातला पहिला कंपायलर आपलाच, असं अण्णा लग्नाकार्यात सांगत फिरायचे. खरंखोटं त्यांना माहीत.

तर हा कंपायलर वाचलेल्याचं आधी एक झाड मांडतो. सगळ्यात वर चादर, तिच्या पोटात किनार आणि मधली जमीन, जमिनीच्या पोटात मोर, मोरावर आरसा. झाडावरच्या प्रत्येक गाठीला काही गोष्टी सारख्याच लागतात, म्हणून त्या एकदाच वर लिहून ठेवायच्या आणि खालच्या सगळ्यांनी वारशानं घ्यायच्या. पुस्तकात ह्या वरच्याला बेस क्लास म्हणतात. आमच्या ऑफिसात त्याला आजोबा म्हणायचे.

आजोबा मल्लीनं लिहिला होता, आणि त्याचा त्याच्यावर भारी जीव. कुणाला काहीही लागलं की मल्ली ते आजोबाच्या पदरात टाकायचा. रंग लागतोय? आजोबाकडे. दोऱ्यांची संख्या? आजोबाकडे. फुलाच्या पाकळ्या मोजायचं कामसुद्धा आजोबाकडे होतं, आणि किनारीला पाकळ्या नसतात हे कुणी मनावर घेतलं नव्हतं.

ऑफिसात आल्या आल्या मल्लीनं चप्पलसुद्धा न काढता कॉम्प्युटर उघडला आणि चहा येईपर्यंत चूक पकडली.

"सापडलं. आरशाला विणायचं शिकवायचंच राहिलंय. वाचतोय बरोबर, झाडावर बसतोय बरोबर, पण विणत नाही."

"मग प्रोग्राम ओरडला कसा नाही?" मी विचारलं.

"आजोबानं सांभाळून घेतलं."

मी त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले. आजोबाच्या अंगात एक 'विण' लिहिलेलं होतं. त्यात काहीच नव्हतं. नुसतं 'झालं' असं उत्तर. ज्या नातवाला स्वतःचं विणणं येत नाही त्याला विचारलं की मागून आजोबा म्हणणार, झालं. आरशाला विचारलं, विणलंस का? आजोबा म्हणाला, झालं. आणि माग तेवढी जागा कोरी ठेवून पुढं गेला.

"हे कशाला लिहिलंस?"

मल्लीनं अण्णांच्या केबिनकडे बोट दाखवलं. केबिन म्हणजे कपाट आडवं लावून केलेली जागा. "त्यांनीच सांगितलंय. मागं एका गिऱ्हाइकासमोर प्रोग्राम मधेच अडकला, पडद्यावर लाल अक्षरं आली, अण्णांना घाम फुटला. तेव्हापासूनचा हुकूम आहे. गिऱ्हाइकासमोर थांबायचं नाही. काही येत नसलं तर गुमान पुढं जायचं."

म्हणजे ते अण्णांचंच 'होतंय की' होतं. अण्णांना कुणी काहीही विचारा. पंधरा रंग? होतंय की. चादरीवर नातवाचा फोटो? होतंय की. मल्लीनं तो स्वभाव जसाच्या तसा आजोबात उतरवला होता, फक्त त्याला ते कळलं नव्हतं.

मल्लीनं आरशाला विणायला शिकवलं, चहा संपवला आणि आळस दिला. "झालं. शुक्रवारी दोन मोर. चल, सुटलो."

"असे अजून कितीजण आहेत?"

"कसे?"

"ज्यांना येत नाही, आणि आजोबा झालं म्हणतोय."

"असेल एखादा. सापडेल तेव्हा बघू."

"गाजूलशेठच्या मागावर सापडला तर?"

मल्लीनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "तुला काय करायचंय?"

"आजोबाचं विणणं काढून टाकायचं. प्रत्येकानं आपापलं उत्तर द्यायचं. उत्तर दिलं नाही तर प्रोग्राम तयारच होणार नाही, असं करायचं."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आजोबाला हात लावलास तर घर कोसळंल. सगळे त्याच्या जिवावर उभे आहेत बे." मल्ली चिडला की मलाही बे म्हणायचा. सोलापुरी माणसाचा राग असाच मोजायचा असतो.

"कोसळू दे. आज कोसळलेलं बरं, शुक्रवारी नको."

तो तरातरा उठून भजी आणायला गेला. तेवढ्यात मी ते काढलं.

पडदा लाल झाला. वरपासून खालपर्यंत नुसती लाल अक्षरं. किनारीचा कोपरा: विणता येत नाही. तिरकी वेल: विणता येत नाही. जाळी, गोंडा, उलटं फूल, कुणालाच येत नव्हतं. इतके दिवस सगळं सुखानं चाललेलं घर आणि निम्मे लोक नुसते बसून. मला हसू फुटलं, आणि ते थांबेना.

तेवढ्यात दारातून मल्ली आला आणि कपाटामागून अण्णा. दोघांनी पडदा बघितला. अण्णांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हे काय? कालपर्यंत तर चालत होतं."

"चालत नव्हतं, अण्णा," मी म्हटलं. "चालतंय असं आजोबा सांगत होता."

"मग ठेव की त्याला परत. शुक्रवारी शेठला हे लाल दाखवणार का?"

"अण्णा, येत नसेल तर येत नाही म्हणायचं की झालं म्हणायचं?"

अण्णा खुर्चीत बसले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "वैजू, गिऱ्हाइकाला नाही म्हटलं की ते उठून जातंय. मी पाहिलंय. एकदा उठलं की परत येत नाही."

उत्तर मल्लीनं दिलं, भज्यांचा पुडा सोडता सोडता, कुणाकडे न बघता. "आणि अण्णा, एकच मोर दिला की बसून राहतंय का?"

अण्णांनी एक भजं उचललं, खाल्लं, दुसरं उचललं. "करा," ते म्हणाले. "पण शुक्रवारच्या आत."

मग जे दोन दिवस गेले ते माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे. आजोबाला आम्ही नव्यानं लिहायला घेतला, आणि आजोबाकडे काय ठेवायचं यावर आमची अशी जुंपली की खालचा झेरॉक्सवाला वर येऊन विचारून गेला.

"रंग ठेव," मल्ली म्हणाला. "रंग सगळ्यांना लागतोय."

"'तीनदा परत वीण' हा नुसता हुकूम, त्याला कुठला रंग असतो?"

"ते सोड. एकटंच आहे."

"आरशाला कुठला?"

त्यानं डोकं खाजवलं. "बरं, रुंदी. रुंदी तरी सगळ्यांना आहे का नाही?"

"आहे. पण ती आजोबाला कशी कळणार? मोराची मोराला माहीत, जाळीची जाळीला. आजोबानं फक्त एवढंच म्हणायचं की बाबांनो, प्रत्येकाला आपली रुंदी सांगता आली पाहिजे. स्वतः अंदाज ठोकायचा नाही."

"म्हणजे आजोबानं नुसतं विचारायचं, उत्तर द्यायचं नाही."

"दुसऱ्याच्या वतीनं नाही द्यायचं."

"मग त्याच्याकडे स्वतःचं राहिलं काय?"

विचार करता करता एवढंच उरलं: ही गाठ कुणाच्या पोटातली, हिच्या पोटात कोण कोण, आणि कागदावर ती कितव्या ओळीत लिहिलेली. शेवटचं मल्लीलाच सुचलं. चूक झाली तर कुठं झाली ते सांगता यावं म्हणून. लांबलचक आजोबा एका पडद्यात मावायला लागला. मल्ली बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बारीक झाला की बिचारा." पण त्याच्या आवाजात कौतुक होतं, आणि त्या दिवशी तो जेवताना माझ्याशी बोलला. स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणीही वाढली.

एकेक नातू आम्ही कामाला लावला. पडद्यावरचा लाल रंग कमी कमी होत गेला आणि गुरुवारी दुपारी एकच नाव उरलं. सावली. एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू उतरत जाणारी नक्षी. ते खरोखरच अवघड होतं, महिन्याभराचं काम होतं, आणि हातात एक दुपार.

"तेवढ्या एकाला झालं म्हणू दे की," अण्णा म्हणाले. "शुक्रवारपुरतं. शेठ कशाला सावली मागतोय?"

"आता कोण म्हणणार झालं?" मल्ली म्हणाला. "आजोबाचं तोंड हिनं बंद केलंय."

मी सावलीच्या उत्तरात लिहिलं, मला अजून विणता येत नाही. वर ओळीचा आकडा. पडद्यावरचं लाल संपलं. संध्याकाळी जाताना अण्णांनी गणपतीच्या फोटोला दोनदा नमस्कार केला.

शुक्रवारी मागावरून चादर उतरली आणि तिच्यावर दोन मोर होते. चोच चोचीला लागायच्या बेतात, दोन्ही पिसारे सारखे. माझा जीव भांड्यात पडला. मल्लीनं हळूच माझ्या पायावर पाय दिला, ही त्याची आनंद व्यक्त करायची पद्धत. अण्णा तर शेठच्या आधी स्वतःच चादरीवरून हात फिरवायला लागले.

शेठही खूश झाले. इतके की आम्हाला सोडायला दाराकडे न येता ते कॉम्प्युटरपुढं बसले. "मी लिहून बघू का?" आणि आम्ही हो म्हणायच्या आत दोन बोटांनी टकटक करत त्यांनी लिहिलं: मोराला सावली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मल्लीकडे. मल्लीनं छताकडे.

शेठनी बटण दाबलं. माग हलला नाही. पडद्यावर एक ओळ आली. शेठनी चष्मा वर करून ती मोठ्यानं वाचली. "ओळ सातवी. सावली मला अजून विणता येत नाही."

वळून त्यांनी अण्णांना विचारलं, "काय शेखर? होत नाही का?"

अण्णांचं तोंड उघडलं. मला पुढचे शब्द पाठ होते, गेलं वर्षभर रोज ऐकत होते. माझ्या डोळ्यांसमोर गुरवसर आले, अक्कलकोटच्या शाळेतली बंद पडलेली कॉम्प्युटरची खोली आली. अण्णा "हो" पर्यंत आले. मग त्यांनी पडद्यावरची ओळ परत एकदा वाचली.

"होत नाही, शेठ," ते म्हणाले. "अजून होत नाही. महिना लागेल."

शेठ उठून मागापाशी गेले आणि वाकून आत बघितलं.

"सूत किती गेलं?"

"एक दोरासुद्धा नाही," मल्ली म्हणाला. "सुरूच झाला नाही माग."

शेठ कोपऱ्यातल्या बाकाकडे वळले. तिथं ती एका मोराची चादर अजून पडली होती, आणि तिच्यावर बसून त्यांचा ड्रायव्हर पेपर वाचत होता. "मग परवा हे का नाही सांगितलंत? त्याला जोडीदार नाही म्हणून?"

"परवा आम्हालाच माहीत नव्हतं," अण्णा म्हणाले.

शेठ हसायला लागले. पोट धरून हसले. "सुरतवाल्यांना उद्या सावलीचं विचारतो. ते हो म्हणणार, बघ तू. सगळे होच म्हणतात. चार दिवस सूत खाऊन मग सांगतात." त्यांनी डोळे पुसले. "निम्मे माग तुम्हाला. सावली आली की बाकीचे. आली नाही तर तसं सांगायला या, पण सांगा."

सगळे माग नव्हे, निम्मे. पण निम्म्यावर कंपनी चालणार होती. बाहेर आल्यावर अण्णा स्कूटरला किल्ली लावायची सोडून तसेच उभे राहिले. "उठून गेला नाही की," ते म्हणाले, आणि रस्ताभर तेच म्हणत होते.

सावली यायला महिन्याऐवजी तीन महिने लागले आणि दर महिन्याला अण्णा स्वतः जाऊन अजून नाही म्हणून सांगून आले. त्यानंतर मी किती कंपायलर लिहिले, कुठंकुठं लिहिले, ती वेगळी गोष्ट. आजोबा मात्र प्रत्येक ठिकाणी तसाच बारीक ठेवला.

पण त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची राहिली.

रविवारी अप्पांचा फोन आला. पाणी, हवा, आईचा गुडघा, सगळं झालं. मग नेहमीचं. "गुरवसर विचारत होते. सांगू ना, दिवाळीला येतेस म्हणून?"

मी "हं" म्हणायला तोंड उघडलं आणि ते 'हं' मला स्वतःलाच ऐकू आलं. त्यात काहीच नव्हतं. नुसतं कोरं. आणि ते ऐकून अप्पा इतके दिवस खुशाल पुढं चालले होते.

"नाही, अप्पा," मी म्हटलं. "मी येणार नाही. मला इथंच काम करायचंय."

पलीकडे अप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"पगार देतोय का तो अण्णा?"

"देतोय. नवं काम मिळालंय. निम्मे माग."

"मग दर रविवारी हं हं काय करत होतीस?" अप्पा रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "आं? मी इकडं तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली की."

मला एकदम रडू आलं आणि त्यातच हसूही. "रंगवून? कुठला रंग दिला?"

"गुलाबी. आई म्हणाली, वैजूला गुलाबी आवडतो."

"मला गुलाबी कधीच आवडला नाही, अप्पा."

"घे," अप्पा म्हणाले. आतल्या खोलीकडे तोंड करून ते ओरडले, "अगं, हिला गुलाबी आवडत नाही म्हणे." आईचं काहीतरी लांबलचक उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. मग अप्पा परत फोनवर आले.

"मग कुठला आवडतो?"

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी खूप विचार केला, आणि उत्तर येईना.

"अजून सांगता येत नाही," मी म्हटलं. "ठरलं की सांगते."

"बरं. सांग मात्र," अप्पा म्हणाले. "तोवर दिवाळीला चार दिवस येशील तेव्हा गुलाबीतच झोप."